मागून येणारा घोडा
(नभोवाणीवरील भाषण)

घोड्यांच्या शर्यतीविषयीं कोणी बोलूं लागला कीं ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. कांहींना वाटतें, हा मनुष्य आतां आपल्याला जुगार शिकविणार. आणि कांहींना वाटतें, हा आतां जिंकणाऱ्या घोड्याचें नांव सांगणार. या दोन्ही मंडळींची मी आरंभींच निराशा करून ठेवतों. माझा विषय फार लहान आहे. हिरवळीच्या मैदानावरील शर्यतींत शेवटच्या टप्प्याला एखादा घोडा अगदीं मागून निघतो आणि एकामागून एक घोडे मागें टाकीत येतो. पाहणारे उभे राहतात, आरोळ्या उठतात, आणि ‘काय उडाला हो!’ असें प्रत्येकजण म्हणतो. तो खरोखर उडालेला असतो काय, आणि असला तर तें कागदावरच्या आंकड्यांवरून कसें ओळखावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

आपल्या जिल्ह्याला घोडा नवा नाहीं. आज ज्याला आपण अहिल्यानगर म्हणतों आणि बोलतांना अजून नुसतें नगर म्हणतों, त्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा वाहते. श्रीगोंदें आणि कर्जत हे तालुके तिच्या कांठचे. बुटकीं, काटक, थोड्या चाऱ्यावर दिवसभर चालणारीं भीमथडीचीं तट्टें ही या कांठाची जुनी दौलत. मराठ्यांच्या घोडदळाची मजल त्यांच्याच टापांवर मोजली गेली. श्रीगोंद्यास महादजी शिंद्यांचा वाडा आहे. पुढें नगरच्या छावणींत घोडदळाची जागा रणगाड्यांनीं घेतली, आणि १९४८ पासून रणगाडादळाचें शिक्षणकेंद्र येथें आहे. परंतु ‘पूना हॉर्स’ आणि ‘डेक्कन हॉर्स’ या पलटणींच्या नांवांत घोडा अजून उभाच आहे.

अशा मुलखांत घोड्याची परीक्षा हें शास्त्र होणें साहजिक होतें. शालिहोत्राच्या नांवानें चालत आलेल्या ग्रंथांत घोड्याचीं शुभाशुभ लक्षणें सांगितलीं आहेत. आमच्या लहानपणीं बाजारांत घोडा पाहावयाचा म्हणजे प्रथम त्याचे भोवरे पाहात. गळ्यावर देवमण असला म्हणजे मालक निर्धास्त. दुसरी परीक्षा डोळ्यांची: छाती, खूर, चाल पाहून जाणता मनुष्य किंमत सांगे. या दोन परीक्षांविषयीं मी कांहीं बोलत नाहीं. तिसरी परीक्षा घड्याळाची. ती नवी आहे, रुक्ष आहे, आणि पहिल्या दोन परीक्षांइतकी ती कोणाच्याहि अंतःकरणाला भिडत नाहीं. पण धांवणाऱ्या घोड्याच्या बाबतींत खरें बोलते ती हीच.

घड्याळाची परीक्षा आपल्या पारनेरकडच्या मंडळींना मला समजावून सांगावी लागणार नाहीं. तिकडे बैलगाड्यांच्या शर्यती घाटांत होतात. एका वेळीं एकच गाडा सुटतो, त्याच्या पुढें घोडी पळते, आणि निशाणापर्यंत पोंचण्यास किती सेकंद लागले तें घड्याळ सांगतें. २०१४ सालीं बंद पडलेल्या या शर्यती २०२१ च्या डिसेंबरांत पुन्हां सुरू झाल्या, आणि २०२३ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांचा कायदा वैध ठरविला, हें आपणांस ठाऊकच आहे. त्या घाटांत प्रेक्षकाची फसगत होण्यास जागा थोडी. गाडा एकटा असतो. शेजारीं कोणी नसतो. आरोळ्या कितीहि झाल्या तरी सेकंद तेवढेच राहतात.

पुण्याच्या किंवा मुंबईच्या मैदानावर गोष्ट उलट आहे. तेथें दहाबारा घोडे एकदमच सुटतात. पुण्यास पावसाळ्यांत आणि मुंबईस हिंवाळ्यांत अशा शर्यती चालतात. महालक्ष्मीचें मैदान १८८३ चें. तेथेंच १९४३ सालीं पहिली इंडियन डर्बी झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीनें जिंकली. या मैदानांवर प्रेक्षकाचा डोळा एका घोड्याचा वेग कधींच पाहात नाहीं. तो पाहतो तें दोन घोड्यांमधलें अंतर. अंतर कमी झालें कीं मागचा वेगानें आला असें तो समजतो. परंतु अंतर दोन कारणांनीं कमी होऊं शकतें. मागचा घोडा वेग वाढवील तेव्हां तें कमी होतें; आणि पुढचा दमून मंदावला म्हणजेहि कमी होतें. डोळ्याला या दोहोंतला भेद कळत नाहीं.

नगरच्या स्टेशनावर गाडींत बसलेल्या प्रत्येकानें याचा अनुभव घेतला आहे. शेजारच्या रुळावर मनमाडकडची गाडी उभी असते. ती हलते, आणि आपलीच गाडी दौंडकडे सुटली असें आपणांस वाटतें. खिडकींतून फलाटाचा खांब दिसला म्हणजे भ्रम जातो. शर्यतींत तो खांब म्हणजे घड्याळ.

आतां माझ्या एका मामांची गोष्ट सांगतों. कारण हा विषय मी पुस्तकांत शिकलों नाहीं, मामांच्या वहींत शिकलों. मामा श्रीगोंदें तालुक्यांत भीमेच्या कांठीं राहात. घोडा पाहण्यांत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशींत कोणी नव्हता. पावसाळा सुरू झाला कीं शनिवार-रविवारीं ते पुण्यास जात. गळ्यांत दुर्बीण, हातांत स्टॉपवॉच, आणि खिशांत एक लांबट वही. आपल्या वृत्तपत्रांत निकालाबरोबर बहुधा जिंकणाऱ्या घोड्याचा वेळ आणि शेवटच्या खांबावरचीं अंतरें छापतात: नाक, मस्तक, मान, अर्धी लांबी, दोन लांब्या, अशीं. वाटेंत कोणता घोडा कोठें होता हें त्यांत नसतें. अमेरिकेंत १८९४ सालीं ‘डेली रेसिंग फॉर्म’ नांवाचें पत्र निघालें. त्यांतील तक्त्यांत शर्यतीच्या ठराविक खांबांपाशीं प्रत्येक घोड्याचा क्रम व पुढच्यापासूनचें अंतर छापलेलें असतें. मामांना तें पत्र माहीतहि नव्हतें. पण त्यांनीं आपल्या वहींत तोच तक्ता स्वतः करावयास घेतला होता. शेवटचे ६०० मीटर उरले असतांना पुढच्या घोड्याचा वेळ, त्या क्षणीं आपल्याला हव्या त्या घोड्याचें अंतर, आणि मग शेवटचा वेळ व शेवटचें अंतर, इतकें ते टिपून ठेवीत.

एका वर्षीं त्यांनीं एका तांबड्या घोड्याला बारा लांब्या मागून येऊन जिंकतांना पाहिलें. परत आल्यावर ओसरीवर बसून त्यांनीं त्या घोड्याचें वर्णन केलें तें मला अजून आठवतें. नंतरच्या तीन शर्यतींत त्यांनीं त्याच घोड्यावर पैसे लावले. तिन्ही वेळां घोडा मागून आला, आणि तिन्ही वेळां पोंचला नाहीं. तिसऱ्या वेळेनंतर विहिरीजवळची दोन एकर जमीन गेली. मामा त्याविषयीं कधीं बोलले नाहींत. मामी बोलत, पण तेंहि वर्षांतून एकदां, त्या शेतांतल्या ज्वारीच्या सुगीच्या वेळीं.

मामांच्या पश्चात् ती वही माझ्याकडे आली. मी गणिताचा मनुष्य. सहज चाळतांना मला त्या दुपारचें पान सांपडलें, आणि त्याच पानावर त्याच दुपारची, त्याच १६०० मीटर अंतराची, त्याच जमिनीवरची दुसरीहि शर्यत टिपलेली दिसली. त्या दोन शर्यतींचे आंकडे मी आपणांस सांगतों. ज्यांच्या हाताशीं कागद असेल त्यांनीं तो घ्यावा.

पहिली शर्यत. पुढच्या घोड्यानें पहिले १००० मीटर ६२ सेकंदांत तोडले आणि शेवटचे ६०० मीटर ३६ सेकंदांत. एकूण १ मिनिट ३८ सेकंद. यांत एक काळा घोडा ६०० मीटरच्या खांबापाशीं ८ लांब्या मागें होता, आणि शेवटीं १ लांबीनें हरला. मामांनीं त्याच्यापुढें दोनच शब्द लिहिले होते: ‘उशीर केला.’

दुसरी शर्यत. पुढच्या घोड्यानें पहिले १००० मीटर ५८.५ सेकंदांत तोडले आणि शेवटचे ६०० मीटर ३८.५ सेकंदांत; एकूण १ मिनिट ३७ सेकंद. यांत आपला तांबडा ६०० मीटरच्या खांबापाशीं १२ लांब्या मागें होता, आणि शेवटीं १ लांबीनें जिंकला. त्याच्याखालीं मामांनीं दोन रेघा ओढल्या होत्या.

आतां लांबीचें सेकंदांत रूपांतर करूं. लांबी म्हणजे घोड्याची नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. ती सुमारें ८ फूट, म्हणजे २.४ मीटर धरतात. शर्यतीचा घोडा २०० मीटर सुमारें १२ सेकंदांत तोडतो, म्हणजे एका सेकंदांत जवळजवळ १६.७ मीटर. या वेगानें एक लांबी ओलांडण्यास ०.१४५ सेकंद लागतो. आपण सोयीसाठीं ०.१५ धरूं; म्हणजे सातएक लांब्यांना एक सेकंद. एका लांबीला एक-पंचमांश सेकंद धरावा असा एक जुना ठोकताळा आहे. तो तोंडी हिशेबाला सोपा आहे, पण मागून येणाऱ्या घोड्याची स्तुति तो फुकट वाढवितो. तांबड्यानें भरून काढलेल्या तेरा लांब्यांचे त्या ठोकताळ्यानें २.६ सेकंद होतात. खऱ्या वेगानें मोजले तर १.९५ च होतात. अधिक धरलेले हे ६५ शतांश सेकंद म्हणजे चार लांब्यांहून अधिक झाले. जमीन ओली असून घोडे सावकाश पळत असतील तर मात्र एका लांबीला थोडा अधिक वेळ लागतो, हें ध्यानांत ठेवावें.

आतां काळा पाहूं. खांबापाशीं तो ८ लांब्या, म्हणजे १.२ सेकंद मागें होता. शेवटीं १ लांबी, म्हणजे ०.१५ सेकंद मागें होता. त्यानें १.०५ सेकंद भरून काढला. पुढच्यानें ते ६०० मीटर ३६ सेकंदांत तोडले. तेव्हां काळ्याला ३४.९५ सेकंद लागले. त्याचे पहिले १००० मीटर ६३.२ सेकंदांत झाले. म्हणजे आरंभीं दर २०० मीटरला १२.६४ सेकंद आणि शेवटीं ११.६५ सेकंद. हा घोडा दर २०० मीटरला सबंध एक सेकंदानें वेग वाढवून आला.

आणि तांबडा? खांबापाशीं १२ लांब्या, म्हणजे १.८ सेकंद मागें, शेवटीं ०.१५ सेकंद पुढें. भरून काढले १.९५ सेकंद. पुढच्याचे ३८.५ सेकंद, त्यांतून हे वजा केले कीं तांबड्याचे ३६.५५ सेकंद. त्याचे पहिले १००० मीटर ६०.३ सेकंदांत झाले होते. म्हणजे आरंभीं दर २०० मीटरला १२.०६ सेकंद, आणि शेवटीं १२.१८. श्रोतेहो, तांबड्यानें वेग वाढविलाच नव्हता. तो किंचित् मंदावला होता. त्याच्या पुढचे घोडे मात्र आरंभीं ११.७ च्या चालीनें पळून शेवटीं १२.८ वर आले होते. तो आपल्या चालीनें येत राहिला, आणि ते त्याच्याकडे मागें येत गेले. मामांच्या दुर्बिणींत या गोष्टीचें चित्र उमटलें तें एका उड्डाणाचें.

हें पान मी पहिल्यांदा सोडविलें त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दोन एकर जमीन गेली म्हणून नव्हे. ती जाऊन पुष्कळ वर्षें झालीं होतीं. ज्या मनुष्यानें चार आंकडे इतक्या काळजीनें टिपले, त्यानें ते एकमेकांतून वजा केले नाहींत, याचें वाईट वाटलें. उत्तर त्यांच्या खिशांत होतें. त्यांनीं तें लिहिलें होतें, पण वाचलें नव्हतें.

परंतु येथें थांबलों तर मीहि मामांचीच चूक दुसऱ्या बाजूनें करीन. काळा चांगला आणि तांबडा वाईट असा निकाल या आंकड्यांतून निघत नाहीं. तांबड्याचा एकूण वेळ १ मिनिट ३६.८५ सेकंद, काळ्याचा १ मिनिट ३८.१५ सेकंद. एकूण वेळाकडे पाहणारा म्हणेल, तांबडा १.३ सेकंदानें श्रेष्ठ. शेवटच्या ६०० मीटरांकडे पाहणारा म्हणेल, काळा १.६ सेकंदानें श्रेष्ठ. दोघेहि अर्धेंच सांगतात. काळ्याच्या शर्यतींत आरंभीं सगळेच रेंगाळले होते. त्यामुळें शेवटासाठीं सर्वांच्याच अंगांत दम शिल्लक होता, आणि त्याला वेग दाखवावयाची संधि मिळाली. तांबड्याच्या शर्यतींत पुढच्यांनीं आरंभींच आपली पुंजी उधळली. तेथें वेग वाढविण्याची गरजच नव्हती, टिकून राहिलें कीं पुरे होतें.

म्हणून जाणते लोक एक प्रमाण काढतात, आणि तें अगदीं सोपें आहे. घोड्याचा शेवटच्या टप्प्यांतला सरासरी वेग घ्या, त्याला संबंध शर्यतींतल्या सरासरी वेगानें भागा, आणि शंभरानें गुणा. शंभराच्या वर आलें तर घोडा शेवटीं अधिक वेगानें आला. खालीं आलें तर मंदावला. काळ्याचें प्रमाण १०५.३ येतें, तांबड्याचें ९९.४. त्यांच्या पुढें पळणाऱ्या घोड्यांचें अनुक्रमें १०२.१ आणि ९४.५. हे चार आंकडे शेजारीं ठेवले कीं दोन्ही शर्यतींची सगळी कथा कळते. पहिलींत पुढचा घोडाहि वेग वाढवीत होता, आणि त्या वाढत्या वेगाच्या घोड्याचें काळ्यानें सात लांब्यांचें अंतर तोडलें. दुसरींत पुढचा घोडा थकून रखडत होता, आणि तांबड्यानें त्याला गांठलें. गांठणें दोन्हींकडे आहे. पण पळत्या मनुष्याला गांठणें आणि बसलेल्याला गांठणें यांत जेवढें अंतर, तेवढें या दोहोंत आहे.

यांत एक सावधगिरी हवी. घोडा आरंभीं उभ्याचा निघतो; वेग घेईपर्यंत त्याचा थोडा वेळ जातो. म्हणून सारख्या चालीनें पळणाऱ्या घोड्याचेंहि प्रमाण नेमकें शंभर येत नाहीं, थोडें अधिक येतें. आणि मैदानाचा चढउतार, वळण व शर्यतीचें अंतर यांप्रमाणें तें बदलतें. प्रत्येक मैदानाचा आणि प्रत्येक अंतराचा स्वतःचा नेम असतो. पुष्कळ शर्यतींचीं प्रमाणें लिहून त्यांतून तो आपला आपणच काढावा लागतो. एका पानावरून नेम बसत नाहीं.

मग तांबडा पुढच्या तीन शर्यतींत कां पोंचला नाहीं? वहींतल्या नोंदी पाहिल्या कीं तेंहि कळतें. त्या तिन्ही शर्यती आरंभीं सावकाश झाल्या होत्या. हिरवळीवर असें वारंवार होतें. अमेरिकेंत मातीच्या मैदानावर घोडे सुटतांच जीव तोडून पळतात आणि शेवटीं कोण कमी थकला यावर निकाल लागतो. हिरवळीवर बहुधा आरंभीं जॉकी घोड्याला धरून ठेवतात आणि शेवटच्या सरळ टप्प्यांत सोडतात. अशा शर्यतींत पुढचे घोडेहि ताजेतवाने असतात. ते ३६ सेकंदांत शेवटचे ६०० मीटर तोडीत असतील आणि आपला घोडा बारा लांब्या मागें असेल, तर त्याला तें अंतर ३४.२ सेकंदांत तोडावें लागेल. तांबड्याजवळ असा वेग असल्याचा एकहि पुरावा वहींत नव्हता. तो चिवट घोडा होता. आरंभापासून भरधाव चालणारी शर्यत, किंवा लांब अंतराची, हें त्याचें क्षेत्र. मामांनीं त्याला नको त्या क्षेत्रांत पुन्हां पुन्हां पाहिला, आणि ‘मागून येतो’ या एका वाक्यावर विसंबून राहिले. काळ्याचें पुढें काय झालें तें वहींत नाहीं. मामांनीं त्याच्याकडे पुन्हां पाहिलेंच नाहीं.

आंकडे झाल्यावर आंकड्यांत न येणाऱ्या गोष्टींकडे वळावें. त्यांतली सर्वांत मोठी वळणाची. अर्धवर्तुळाकार वळणावर आंतल्या कठड्यापासून एक मीटर बाहेरून पळणाऱ्या घोड्याला ३.१४ मीटर अधिक पळावें लागतें. हें शाळेंतल्या भूमितीचें गणित आहे, वळण लहान असो कीं मोठें. तीन मीटर बाहेरून गेला तर ९.४ मीटर, म्हणजे जवळजवळ चार लांब्या, म्हणजे ०.६ सेकंद. शेवटच्या ६०० मीटरांत वळणाचा जेवढा भाग येत असेल तेवढ्याच भागापुरतें हें नुकसान त्या टप्प्यांत धरावें. मागून येणाऱ्या घोड्याला पुढच्यांना वळसा घालून यावें लागतें. म्हणून त्याच्या पदरीं हें नुकसान बहुधा येतेंच. उलट आरंभीं दुसऱ्यांच्या मागें राहिल्यामुळें त्याला वारा कमी लागतो, हा त्याचा फायदा. कांहीं वेळां घोड्यांत वेग असतो पण वाट मिळत नाहीं. जॉकीला लगाम ओढून धरावा लागतो. असा घोडा तक्त्यांत नुसता ‘चौथा’ दिसतो. म्हणून शर्यतीनंतर पंचांचा जो अहवाल येतो तो तक्त्याइतक्याच काळजीनें वाचावा. आणि आपण टिपलेलीं अंतरें शेवटीं डोळ्यानेंच मोजलेलीं असतात, हें विसरूं नये. दूरवरून पाहिलेल्या आठ लांब्या सातहि असतील, नऊहि असतील. ज्या दोन घोड्यांत दोनतीन दशांश सेकंदांचाच फरक निघतो, त्यांच्यांत फरक नाहींच असें समजावें. आतां शर्यतीचें चित्रण पुन्हां पुन्हां पाहण्याची सोय झाली आहे. मामांजवळ ती नव्हती.

बाहेरच्या देशांत हें काम पुष्कळ पुढें गेलें आहे. जपानांत प्रत्येक शर्यतीनंतर प्रत्येक घोड्याचा शेवटच्या ६०० मीटरांचा वेळ निकालाबरोबर छापतात. मामांनीं आपल्या वहींत नेमका तोच टप्पा निवडला होता, याचें मला नेहमीं नवल वाटतें. हाँगकाँगांतहि प्रत्येक घोड्याचे टप्प्याटप्प्यांचे वेळ जाहीर होतात. अशा वेळांच्या याद्या चाळल्या म्हणजे एक गोष्ट दिसून येते: शेवटीं वेग वाढवितांना दिसणारे घोडे पुष्कळ, आणि आरंभींची चाल कडक असूनहि शेवटीं खरोखर वेग वाढविणारे फार थोडे. अशांपैकीं एकाचें उदाहरण देतों. तो हिरवळीवरचा नव्हे, मातीच्या मैदानावरचा आहे, पण गणित तेंच. १९७३ सालच्या अमेरिकेंतील केंटकी डर्बींत ‘सेक्रेटेरियट’ नांवाच्या घोड्यानें सव्वा मैल पांच सारख्या टप्प्यांत असा तोडला: २५.२ सेकंद, २४, २३.८, २३.४, आणि शेवटीं २३. प्रत्येक टप्पा मागच्याहून जलद. तो आरंभीं सर्वांच्या मागें होता आणि शेवटीं पुढें आला, हें पाहणाऱ्यांना दिसलेंच. पण तो पुढें आला तो इतर थांबले म्हणून नव्हे, हें या पांच आंकड्यांनीं सांगितलें. असे घोडे शतकांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपला तांबडा त्यांतला नव्हता, आणि त्यांत त्या बिचाऱ्याचा कांहीं अपराध नव्हता.

शेवटीं एक शब्द. १९९६ च्या जानेवारींत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत हा केवळ नशिबाचा खेळ नसून प्रामुख्यानें कौशल्याचा आहे, असा निर्णय दिला. पुष्कळांनीं त्याचा अर्थ असा घेतला कीं आपल्या अंगीं तें कौशल्य आहेच. न्यायालयानें खेळाविषयीं सांगितलें आहे, खेळणाऱ्याविषयीं नव्हे. कौशल्य वजाबाकींत असतें, आणि वजाबाकी करून झाल्यावर पुष्कळदां असें उत्तर येतें कीं आज कांहीं करूं नये. मी स्वतः आजवर एकाहि घोड्यावर पैसा लावला नाहीं. तो माझा मोठेपणा नव्हे; विहिरीजवळून जातांना अजून मामींचा आवाज कानीं येतो, इतकेंच.

तरीहि मी दरवर्षीं पावसाळ्यांत एकदां पुण्यास जातों. दुर्बीण नेत नाहीं. स्टॉपवॉच आणि तीच वही नेतों. तिचीं कोरीं पानें अजून पुष्कळ उरलीं आहेत. शेवटच्या टप्प्यांत मागून एखादा घोडा येऊं लागला, भोंवतालचे लोक उठून उभे राहिले, म्हणजे माझेंहि मन उठतें. डोळ्यांना उडतांना दिसतें तें दिसतेंच. तें मी नाकारीत नाहीं. फक्त घरीं येऊन दिव्याशीं बसतों, चार आंकडे लिहितों, आणि मामांनीं न केलेली वजाबाकी करतों. कधीं तांबडा निघतो, क्वचित् काळा. ज्या दिवशीं काळा निघतो त्या दिवशीं वहींत त्याच्याखालीं दोन रेघा ओढतों, आणि मामा असते तर हें पान त्यांना दाखविलें असतें असें मनांत येतें.

आपल्यापैकीं ज्यांनीं कागद घेतला असेल त्यांनीं एक करून पाहावें. आपल्या शेजारींपाजारीं, बाजारांत, शाळेंत, कोठेंहि, कोणी मागून भराभर पुढें आलेला दिसला, म्हणजे तो खरोखर पुढें आला कीं त्याच्या पुढचे मंदावले, हें आधीं विचारावें. उत्तर मिळालें म्हणजे कोणाला कमी लेखावयाचें आहे असें नाहीं. न थकतां सारख्या चालीनें येणें हाहि गुण आहे, आणि वेळ आल्यावर वेग वाढविणें हाहि गुण आहे. मात्र ते दोन निराळे गुण आहेत, आणि एकाची किंमत दुसऱ्याला दिली म्हणजे विहिरीजवळचीं शेतें जातात.